नगरातील नवे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविणे म्हणजे भांडीकुंडी एका घरातून उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ नाही. लॉरीत खाट चढते, कपाट चढते, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले देव आजीच्या मांडीवर बसून येतात. परंतु दारावरून जाता जाता प्रकृतीची विचारपूस करणारा शेजारी, पैसे हाती नसले तरी उधारीच्या वहीत नाव लिहून घेणारा चिनी दुकानदार, चतुर्थीच्या आदल्या दिवशी आपण होऊन मोदकांना हातभार लावावयास येणारी चुलती, यांपैकी काहीही लॉरीत चढत नाही. घराची किल्ली पहिल्याच दिवशी हाती येते. बिऱ्हाड मात्र लागावयास कित्येक वर्षे जावी लागतात.

मॉरिशसमधील मराठी माणसाने हा अनुभव एकदा नव्हे, तीनदा घेतला आहे. प्रथम तो कोकणातून व देशावरून निघून मुंबई बंदरातील जहाजाने पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरला. करार संपल्यावर मळ्यावरील छावणी सोडून त्याने आसपासच्या गावात जमिनीचा लहानसा तुकडा घेतला. तिसऱ्या वेळी त्याच्या नातवाने किंवा पणतवाने ते गावही मागे टाकले आणि वाकवा, फिनिक्स, कात्र बोर्न, रोझ हिल, क्यूरपीप या पठारावरील नगरांचा रस्ता धरला.

यांपैकी पहिल्या प्रवासाचे स्मरण आज आदराने केले जाते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर येथे आले, तेव्हापासून पुढील सात-आठ दशकांत सुमारे साडेचार लाख भारतीयांनी या बेटावर पाऊल ठेवले. ज्या धक्क्याच्या पायऱ्या ते चढले तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. त्या मजुरांची नावे, गावे, जहाजे व छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. तिसऱ्या प्रवासाची मात्र अशी नोंद नाही. तो झाला दहा-पंधरा मैलांचा, कधी बसने, कधी उसाच्या लॉरीने, कधी लग्नानंतर, कधी नोकरीच्या पत्रानंतर. अंतर थोडे म्हणून त्याचा गाजावाजा झाला नाही. तथापि समाजाची भाषा, त्याचे सणवार व त्याचा परस्पर-आधार यांवर या लहानशा प्रवासाचा परिणाम समुद्रप्रवासाइतकाच खोल झाला आहे. समुद्र ओलांडतानाही जे तुटले नाही, ते या दहा मैलांत तुटू पाहते, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होऊ नये.

गाव सोडणे हा अपराध होता तेव्हा

आज कास्काव्हेलचा तरुण सकाळी उठून पोर्ट लुईस नोकरीस जातो आणि संध्याकाळी परततो. त्यास कोणी अडवीत नाही. त्याच्या पूर्वजास ही मोकळीक नव्हती. १८६७ च्या मजूर कायद्याने, करार पुरा केलेल्या जुन्या मजुरासही स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास सदैव जवळ बाळगणे सक्तीचे झाले. पास ज्या जिल्ह्याचा असेल त्याच जिल्ह्यात त्याने राहावे, अशी योजना होती. कागद घरी विसरला, भिजला वा हरवला, तर भटकेपणाचा आरोप येई आणि तुरुंगाची वाट धरावी लागे. छायाचित्रासाठी पैसे मोजावयाचे ते मजुरानेच.

या जाचाविरुद्ध १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी एक अर्ज सादर केला. आडोल्फ द प्लेव्हित्झ या गृहस्थाने त्यांस साहाय्य केले व त्यापायी स्वकीयांचा रोष पत्करला. १८७२ साली चौकशीसाठी शाही आयोग आला आणि त्यानंतर १८७८ साली मजुरांचा कायदा नव्याने करण्यात आला. अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांस लिहितावाचता येत नव्हते. परंतु एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन आपले पोट भरण्याचा अधिकार हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, हे त्यांस पुरते कळले होते. यास्तव गाव सोडून नगरात गेलेल्यांवर ‘मुळे सोडून गेला’ असा ठपका ठेवण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावयास हवे, की जाण्याची ही मोकळीक त्यांच्या पूर्वजांनी मागून, झगडून मिळविलेली आहे.

नवागतांनीच वसविलेली नगरे

पठारावरील ही नगरे तरी कोठून आली? एके काळी या बेटावर नगर म्हणजे पोर्ट लुई, एवढाच अर्थ होता. १८६६-६७ साली मलेरियाची भयंकर साथ आली. पोर्ट लुईमध्ये व किनाऱ्याच्या भागात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. १८६४ साली उत्तरेकडील आणि १८६५ साली मध्य भागातून जाणारी आगगाडी सुरू झाली होती. ज्यांच्या गाठी पैसा होता त्यांनी तापाच्या भीतीने प्लेन विल्हेम्सच्या उंच व थंड प्रदेशात घरे बांधली व ते गाडीने राजधानीत ये-जा करू लागले. स्टेशनांभोवती दुकाने उभी राहिली, दुकानांभोवती गल्ल्या झाल्या. मोठ्या घरांच्या मागोमाग माळी, गाडीवान, दूधवाले, भाजीवाले, धोबी आले. त्यांत भारतीय पुष्कळ होते.

याचा अर्थ असा, की ज्या नगरात आज नवा मनुष्य संकोचून पाऊल टाकतो, ते नगर मुळी नवागतांनीच वसविलेले आहे. तेथे कोणी आदिवासी नाही, कोणी वतनदार नाही. कोणी तापाला भिऊन आला, कोणी वादळाने घर उडाले म्हणून आला, कोणी शाळेसाठी आला. आधी आलेला व नंतर आलेला, इतकाच काय तो भेद.

गावे का हलली

मराठी कुटुंबे प्रामुख्याने ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील मळ्यांवर आणि वाकवा, हेनरिएटा यांच्या परिसरात स्थिरावली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचा भाव पडू लागला, तेव्हा मळेवाल्यांनी कमी प्रतीच्या जमिनीचे तुकडे पाडून ते विकावयास काढले. पै-पै साठविणाऱ्या मजुरांनी ते घेतले. या ‘मॉर्सेलमाँ’तून भारतीयांची गावे उभी राहिली. येथील मोजणीत एका आर्पांचे १०० पेर्श होतात आणि एक पेर्श सुमारे ४२ चौरस मीटरचा. दहा-वीस पेर्शांच्या अंगणात तीन भावांची तीन घरे, मध्ये तुळस, मागे गोठा, कडेला भाजीचे वाफे, असे ते गाव होते.

हे गाव ज्या उसावर उभे होते तो ऊसच पुढे मागे सरला. १८५८ साली या बेटावर साखरेचे २५९ कारखाने होते. आज ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. कारखाना बंद झाला की त्याची छावणी मोडते, छावणी मोडली की दुकान बंद होते, दुकान बंद झाले की बस कमी होते. युरोपने २००६ पासून साखरेचा हमीभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरविला, तेव्हा या ओहोटीस अधिकच वेग आला. हजारो मजुरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली व रोख रकमेसह घरापुरता जमिनीचा तुकडा पदरात पाडून घेतला. जमीन मिळाली, परंतु मुलाने कोणता धंदा करावा, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर नगरात होते. १९६० च्या जानेवारीत ‘अ‍ॅलिक्स’ व फेब्रुवारीत ‘कॅरल’ या दोन चक्रीवादळांनी गवताची व पत्र्याची हजारो घरे जमीनदोस्त केली. सरकारने ठिकठिकाणी नव्या वसाहती उभारल्या, आणि काँक्रीटच्या घराची ओढ सर्वांस लागली. १९७० च्या कायद्याने निर्यातीसाठी माल बनविणारे कारखाने सुरू झाले. ज्या घरातील स्त्री कधी बाहेर नोकरीस गेली नव्हती त्या घरातील मुलगी कपड्यांच्या कारखान्यात जाऊ लागली. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण विनामूल्य झाले आणि चांगल्या महाविद्यालयाजवळ राहावे असे आईबापांस वाटू लागले. पुढे २००१ पासून एबेन येथे, जेथे पूर्वी ऊस डोलत होता तेथे, संगणकाच्या कामाचे एक नवे नगरच उभे राहू लागले. आजा जेथे कोयत्याने ऊस तोडीत असे तेथे नातू काचेच्या इमारतीत बसून परदेशच्या दूरध्वनीस उत्तर देतो. १९५६ साली प्रवाशांसाठी बंद पडलेल्या आगगाडीच्या जुन्या मार्गावरूनच बव्हंशी नवी मेट्रो धावू लागली आहे. तिचे उद्घाटन २०१९ साली झाले आणि २०२२ साली ती क्यूरपीपपर्यंत पोहोचली.

कोकणचे दुसरे पाऊल

या सर्व घडामोडीस कोकणातच एक जुळा भाऊ आहे. ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून काही जण मुंबईस येऊन मॉरिशसच्या जहाजावर चढले, त्याच जिल्ह्यातून इतर कित्येक जण मुंबईस आले आणि तेथेच राहिले. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापसाच्या पहिल्या गिरणीची स्थापना केली व १८५६ पासून ती चालू झाली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्यांची रांग लागली आणि त्या परिसरास ‘गिरणगाव’ हे नाव पडले. एका भावाच्या नशिबी ऊस आला, दुसऱ्याच्या नशिबी कापूस. दोघांच्याही गावची जमीन खडकाळ आणि खाणारी तोंडे अधिक, हे कारण मात्र एकच.

मुंबईच्या त्या नवागताने कसे बस्तान बसविले, हे येथील वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे. चाळीतील एक खोली दहा-बारा फुटांची. तीत एकाच गावचे कितीतरी पुरुष राहत. एक पाळी कामावर जाई तेव्हा दुसरी झोपे. वळकटी तीच, माणूस निराळा. बायकामुले गावी, जेवण खानावळीत, आणि ती खानावळ चालविणारी बाई बहुधा कोकणातलीच. नवा मुलगा गावाहून आला की त्यास उतरावयास जागा, चार दिवसांचे जेवण आणि गिरणीत ओळख करून देणारा मनुष्य, या तिन्ही गोष्टी ‘गावकीच्या खोली’वर मिळत. त्या खोलीचे भाडे सर्व गावकरी मिळून भरीत. कोणी आजारी पडला तर त्यास गावी पोहोचविण्याची, कोणी मेला तर त्याची क्रिया करण्याची जबाबदारी त्याच मंडळाकडे असे. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार असो की शाळेचे छप्पर असो, वर्गणी तेथेच गोळा होई.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा प्रचंड संप सुरू झाला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्या जागी उंच इमारती उठल्या आणि कामगारांची मुले दूर डोंबिवली-विरारकडे राहावयास गेली. परंतु विशेष हे, की गिरण्या गेल्या तरी कित्येक गावांची मंडळे मुंबईत टिकून राहिली. ज्या धंद्यासाठी माणसे एकत्र आली तो धंदा नष्ट झाला. परंतु एकत्र येण्याची रीत उरली. कारण ती रीत धंद्याने लावलेली नव्हती, माणसांनी ठरवून लावलेली होती.

दोन्ही भावांनी आपापल्या नव्या जागी एकच वाद्य वाजविले, हाही योगायोग म्हणता येत नाही. कोकणची जाखडी मुंबईच्या चाळीत नाचली गेली आणि ‘झाकरी’ या नावाने मॉरिशसच्या अंगणातही. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला. मॉरिशसमध्ये हेनरिएटा येथे एका मराठी कुटुंबाने १८९६ साली प्रथम गणेशोत्सव केला असे मानले जाते. घरापासून दूर पडलेल्या माणसाने आपला देव मखरातून बाहेर काढून दारी बसविला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यास आत येण्याचे निमंत्रणच दिले.

पहिली काही वर्षे

नगरात नव्याने आलेल्या कुटुंबाची पहिली ओळख होते ती पावसाशी. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. मध्य पठारावर तो ४,००० मिलिमीटरपर्यंत जातो. ब्लॅक रिव्हरच्या उन्हात वाढलेल्या गृहिणीस क्यूरपीपमध्ये कपडे चार दिवस वाळत नाहीत, भिंतीस बुरशी येते, वाळवण घालण्यास ऊन सापडत नाही, आणि म्हातारीचे गुडघे दुखू लागतात. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते.

त्यानंतरची अडचण पैशाची. गावी भाडे नव्हते. परसात भोपळा, वाल, मिरची होती. दुकानदाराच्या वहीवर महिना निघे. नगरात भाडे महिन्याच्या आरंभी द्यावे लागते, कोथिंबिरीची जुडीही विकत घ्यावी लागते, आणि मोठ्या दुकानात उधारीची वही नसते. अनुभवी गृहिणी लवकरच मार्ग काढते. कात्र बोर्नच्या बाजारात बुधवारी व शनिवारी भाजी मिळते, गुरुवारी व रविवारी कपडे मिळतात, बाजार उठण्याच्या वेळी भाव उतरतात, हे तिला दोन महिन्यांत पाठ होते. कामावरील बायका मिळून दरमहा ठरावीक रक्कम गोळा करतात व पाळीपाळीने एकीस देतात. भिशीच्या या पैशातून शिलाईयंत्र येते, मुलाची पुस्तके येतात, कधी घराचा पाया खोदला जातो.

घर पाहावे बांधून, असे म्हणतात ते उगीच नव्हे. येथील मध्यमवर्गीय मनुष्य घर एकदा बांधीत नाही. तो ते आयुष्यभर बांधीत राहतो. प्रथम दोन खोल्या व वर सपाट काँक्रीटचे छत. त्या छतावर लोखंडी सळ्या उभ्याच सोडलेल्या असतात. परक्या पाहुण्यास ते काम अपुरे वाटते; परंतु त्या सळ्यांचा अर्थ येथील प्रत्येकास ठाऊक आहे. मुलाचे लग्न ठरले की वरचा मजला चढावयाचा आहे. गावच्या अंगणात तीन भावांची घरे शेजारी-शेजारी उभी राहत; नगरात ती एकावर एक उभी राहतात.

शेजार हा मात्र गावाहून निराळा असतो. एका गल्लीत तमिळ, तेलुगू, भोजपुरी घरे, मुसलमानांची घरे, क्रेओल ख्रिस्ती कुटुंबे व कोपऱ्यावर चिनी दुकान. नवागतास प्रारंभी बुजल्यासारखे होते. तथापि या बेटाने एक सुंदर रीत घालून दिली आहे. दिवाळीस मिठाईचे ताट शेजारी जाते, ईदेस बिर्याणी येते, नाताळास केक येतो. ज्या घराने पहिल्या दिवाळीस न बोलावता चार घरी ताटे पाठविली, त्या घरास पुढे रात्री-अपरात्री दवाखान्यात जाण्यासाठी गाडी मागावी लागत नाही. ती दारात येऊन उभी राहते.

येथे गावाची फाजील स्तुती करणेही योग्य होणार नाही. मळ्यावर सरदाराची जरब होती, कर्जाचा फास होता. कोणाच्या घरी काय शिजते याची चौकशी साऱ्या गावास असे. मुलीने सहावी केली म्हणजे पुरे, असे म्हणणारी मंडळी गावातच होती. नगराने त्या मुलीस कॉलेज दाखविले, स्वतःचा पगार दिला, विधवेस कोणाच्या तोंडाकडे न पाहता जगण्याचे धैर्य दिले. नगर निष्ठुर आहे असे म्हणणाऱ्यांनी हे उपकार विसरू नयेत.

जे आपोआप होत असे ते

मग नगरात उणे ते काय? उणे हे, की गावी जे आपोआप होत असे ते येथे ठरवून करावे लागते.

भाषेचेच पाहा. गावच्या अंगणात मुलास मराठी कोणी शिकवीत नव्हते. आजी त्यास मराठीत हाक मारी, चुलती मराठीत रागावे, ओटीवर भजन चाले. मूल ते ऐके आणि बोलू लागे. नगरात दोन खोल्यांत आई, बाप व मूल. आईबाप दिवसभर बाहेर, आजी गावी किंवा दूरदर्शनासमोर एकटी. पुष्कळदा आईचे माहेर तेलुगू किंवा भोजपुरी असते. मग दोघांची मिळून भाषा क्रेओल. यात दोष कोणाचा नाही. क्रेओल ही शत्रूची भाषा नव्हे. तिच्यामुळेच गल्लीतील सारी माणसे एकमेकांस ओळखतात. परंतु तिच्या जोडीस घरची भाषा उभी राहिली नाही, तर एका पिढीत ती नाहीशी होते. २००० सालच्या शिरगणतीत भोजपुरी घरात बोलणारे सुमारे १२ टक्के होते. २०११ साली ते सुमारे ५ टक्के राहिले. लाखोंनी बोलल्या जाणाऱ्या भाषेची अकरा वर्षांत ही गत; मराठी तर त्याहून कितीतरी थोड्या घरांची भाषा.

मरणाचेही तसेच. गावी कोणी गेले की हंबरडा ऐकताच माणसे धावत. कोणी बांबू तोडी, कोणी बाके आणी, कोणी चहाचे आधण ठेवी. नगरात नव्याने आलेल्या कुटुंबात असा प्रसंग ओढवला, की प्रथम प्रश्न पडतो, कळवावे कोणास? सूचना रेडिओवरून सांगितली जाते. नातलग दूरदूरच्या गावांहून बसने येईतो दुपार होते. त्या मधल्या चार तासांत दारात कोण उभे राहते, यावरूनच त्या कुटुंबाचे बिऱ्हाड नगरात लागले की नाही, हे कळते.

बैठकेची संध्याकाळ

पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले होते. मळ्यावर काम दिवसभर. शाळा नाही, देऊळ नाही. तेव्हा संध्याकाळी एका झोपडीत कंदील लावून ते एकत्र बसत. तेथे मुलांस अक्षरे शिकविली जात, पोथी वाचली जात, भांडणे मिटविली जात, लग्नासाठी लागणारी मोठी भांडी तेथेच ठेवलेली असत. तिचे नाव बैठका. ती गवताने शाकारलेली होती, पण शाळा, देऊळ, पंचायत व पतपेढी, या चारींचे काम ती करी.

नगरातील मंडळीने आज बैठकेचा तो अर्थ पुन्हा हाती घ्यावयास हवा. वर्षातून एकदा गणेशोत्सव थाटाने साजरा होतो, झाकरीच्या तालावर तरुण नाचतात, सभागृह भरते. हे भूषणावह आहेच. परंतु नवागतास आधार लागतो तो उरलेल्या दिवसांत. नवे मराठी कुटुंब गल्लीत आले, तर पहिल्या महिन्यात मंडळीपैकी दोघांनी त्याच्या घरी जाऊन यावे. बस कोठे थांबते, दवाखाना कोठे, कोणत्या शाळेत मराठी शिकविली जाते, एवढे सांगण्यास वर्गणी लागत नाही. सरकारी प्राथमिक शाळेत मराठी हा निवडीचा विषय आहे. पालकांनी प्रवेशाच्या वेळी तो मागावा लागतो. मागणारी मुले पुरेशी नसली तर वर्गच भरत नाही. गोंधळलेल्या नव्या पालकाने त्या दिवशी कागदावर योग्य जागी खूण केली नाही, म्हणजे एका मुलाची मराठी गेली. आणि ती खूण करावयास सांगणारा शेजारी त्यास भेटला नव्हता, एवढेच त्याचे कारण असते.

आठवड्याची एक संध्याकाळ निश्चित असावी आणि ती कामाच्या पाळ्या पाहून ठरवावी. कारखान्यात व कचेरीत जाणाऱ्या स्त्रियांस दुपारच्या तीनची सभा काय उपयोगाची? म्हाताऱ्या माणसांस आणण्या-नेण्याची पाळी तरुणांनी वाटून घ्यावी. त्या आज्या-आजोबांपाशी जी मराठी आहे, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तिच्यात कोकणच्या खाडीचे शब्द आहेत, मळ्याचे शब्द आहेत, क्रेओलचे मीठही आहे. तीन वर्षांच्या मुलास आजीच्या मांडीवर आठवड्यातून दोन घटका मिळाल्या, तर शाळेतील शिक्षकाचे अर्धे काम हलके होते.

आणि ज्या नवागतास आधार मिळाला त्यानेही तो घेऊन स्वस्थ बसू नये. नगरात मनुष्य रुजतो तो केवळ घर मिळाल्याने वा पगार वाढल्याने नव्हे. कोणाच्या तरी मरणात त्याने खांदा दिला, कोणाच्या लग्नात तो पंक्तीस वाढावयास उभा राहिला, नव्याने आलेल्या दुसऱ्या कुटुंबास त्याने बाजाराचा रस्ता दाखविला, म्हणजे तो त्या नगरचा झाला. ज्याला काल वाट विचारावी लागत होती तो आज दुसऱ्यास वाट सांगतो, येथेच नवागतपण संपते.

पूर्वज आले तेव्हा त्यांच्या स्वागतास धक्क्यावर कोणी उभे नव्हते. तरीही अनोळखी जहाजबंधूंस त्यांनी भाऊ मानले आणि त्या नात्याच्या बळावर भाषा, देव व माणुसकी टिकविली. त्यांच्या वंशजांपुढील काम त्यामानाने सोपे आहे. समुद्र ओलांडावयाचा नाही. पासाशिवाय फिरले म्हणून कोणी पकडणार नाही. शेजारच्या गल्लीत कोणाचे तरी सामान लॉरीतून उतरत असेल, तर तेथवर चालत जाऊन हाक द्यावयाची आहे. या उत्सवाच्या शुभप्रसंगी प्रत्येक मराठी घराने एवढे एकच व्रत घेतले, तरी पुढील चतुर्थीस मंडपात दोन पाट अधिक मांडावे लागतील, आणि त्या पाटांवर बसणारी मुले आरती मराठीत म्हणतील. श्रीगजाननाने सर्वांस तशी बुद्धी द्यावी, ही प्रार्थना.